कावळ्यासमोर मी तोंड उघडलं नाही

ताई, तुझे सोनेरी काठाचे कप मी कपाटातून बाहेर काढले. सगळे. मस्कतहून मी आणून दिले तेव्हा तू म्हणाली होतीस, "सईच्या लग्नात काढू," आणि तोवर कुणी त्यांना हात लावायचा नाही असा तुझा हुकूम होता. तुला पोचवून माणसं घरी परतली, त्या संध्याकाळी मी त्याच कपांतून त्यांना चहा दिला. आपल्या चुलत विलासदादाच्या हातून एकाचा कान मोडला. मी म्हटलं, राहू दे रे, काही होत नाही. तुला काय वाटलं असतं ते मला बरोबर माहीत होतं, म्हणूनच काढले.

एवढ्यावर थांबले नाही मी. तुझी खिडकीजवळची खाट ओढून माजघरात नेऊन लावली. तुझी हिरवी नारायणपेठ पलीकडच्या आळीतल्या कुसुमला देऊन टाकली. हो, त्याच कुसुमला, जिच्याशी तू पाटाच्या पाण्यावरून भांडलीस आणि पुन्हा कधी बोलली नाहीस. ती बिचारी ढसाढसा रडली आणि दुसऱ्या दिवशी तीच नेसून बसायला आली. तिला ती तुझ्यापेक्षा छान दिसते. हे मी तिला सांगितलंसुद्धा.

बसायला येणारी माणसं एकच गोष्ट बोलतात. शालननं बहिणीच्या पोरीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. माझ्याकडे बघून बोलतात, वर माझ्या हातावर हात ठेवतात, म्हणजे मी तुझे उपकार मानावेत. मी दात आवळून मान हलवते. त्यांना काय सांगू? माझी मुलगी चोरीला गेली होती आणि चोरणारीला तुम्हीच खांदा देऊन आलात, असं सांगू? माणूस मेलं की लगेच त्याचा देव करायची लोकांना घाई असते. मी करणार नाही. तू माझी सख्खी बहीण आहेस आणि मी तुला अशी सोडणार नाही.

सुरुवात कशी झाली ते तू सगळ्या श्रीवर्धनला तुझ्या पद्धतीनं सांगितलं आहेस. आता माझ्याकडून ऐक. महेशला मस्कतला एसीच्या कंपनीत काम लागलं आणि वर्षभरानं त्यानं मला आणि सईला बोलावून घेतलं. सई तीन वर्षांची होती. रुवी नावाच्या भागात आमची एक खोली होती आणि स्वयंपाकघर एका मल्याळी कुटुंबाबरोबर अर्धं-अर्धं. सकाळी त्यांच्या डोशाचा तवा उतरला की आमच्या भाकरीचा चढायचा. खिडकी उघडली तर धूळ, मिटली तर एसीची गार हवा. सईला दम लागायला लागला. छाती लोहाराच्या भात्यासारखी वर-खाली व्हायची आणि ती माझ्याकडे बघत राहायची. दर दोन-चार दिवसांनी तिला वाफ द्यायला दवाखान्यात न्यायचं. त्यात मला ओमचे दिवस गेलेले, पोटात पाणी ठरत नव्हतं. एक दिवस फोनवर मी रडले आणि तू म्हणालीस, "आन गो तिला हिकडं. समुद्राची हवा लागली की बरी व्हईल."

मस्कतलाही समुद्र आहे, ताई. चांगला लांबलचक समुद्र आहे, आमच्या खोलीपासून फार लांबही नाही. पण तेव्हा मला ते सुचलं नाही, मला तुझाच समुद्र हवा होता. मी सईला घेऊन आले, तुझ्याकडे ठेवली आणि एकटी परत गेले. ओम झाला, जरा सावरलो, की तिला घेऊन जायचं, असं आपलं ठरलं होतं. ओटीवर बसून ठरलं होतं. शेजारची रुक्साना भाभी समोर सुपारी सोलत बसली होती, ती साक्षीला आहे.

सावरायला वेळ लागला हे खरं. परक्या देशात बिऱ्हाड मांडायचं म्हणजे मीठ कुठल्या दुकानात मिळतं इथपासून सुरुवात. ओमच्या बारशाला पाळणा नव्हता, तर मल्याळी वहिनीनं आपल्या साडीची झोळी बांधून दिली. महेशला बहीण नाही म्हणून आत्याचा मानही तूच घेतलास आणि मोबाइलवरून ओमच्या कानात कुर्रर्र केलंस. तुझ्या मागे सई हसत होती. त्या दिवशी मला तुझा किती आधार वाटला होता म्हणून सांगू. हे मी लिहायला नको होतं, पण आता लिहिलं गेलं.

मग आम्हाला दोन खोल्यांचं स्वतंत्र घर मिळालं. मला एका बालवाडीत काम मिळालं. दुसऱ्यांची तीन-चार वर्षांची पोरं मांडीवर घेऊन मी त्यांची नाकं पुसायची आणि माझी पोर तुझ्या मांडीवर. महेशनं एक वर-खाली झोपायचा लाकडी पलंग आणला. खाली ओम, वर सई. वरच्या गादीवर मी फुलपाखरांची चादर घातली. ओम शाळेतल्या मित्रांना सांगायचा, माझी ताई वर झोपते. एकदा एक मित्र घरी आला आणि शिडी चढून बघायला लागला. वर कुणीच नाही म्हटल्यावर ओम त्याला म्हणाला, ती आत्ताच बाथरूमला गेली. हे मी तुला फोनवर सांगितलं तर तू हसलीस. मला वाटलं, आता तरी म्हणशील, ये आणि घेऊन जा.

नाही म्हणालीस. कधीच सरळ नाही म्हणायची नाहीस तू, हीच तर तुझी खोड. "आता पावसात नको नेऊस, वाटेत भिजंल." "शाळा चालू झाली, मधी कशाला तोडायची?" "सुपारी उतरू दे, मग बघू." आणि सगळ्यांवरचं तुझं हुकमाचं पान म्हणजे दम. "अजून लागतो गो दम. माणगावच्या डॉक्टरनं सांगितलंय, हवा बदलायची न्हाय." मी रजेवर यायची तेव्हा सई मला दिवसभर धावताना दिसायची. मी विचारलं की तू म्हणायचीस, औषध चालू हाय म्हणून. आणि माझ्या निघायच्या दिवशी सकाळपासून तिला खोकला सुरू. "हिकडचे पंप लागू पडत न्हाईत, तिकडचे आन," म्हणालीस, म्हणून दर खेपेला मी पंप घेऊन यायची. विमानात पर्स मांडीवर धरून बसायची, सामानात दिले आणि हरवले तर काय करा म्हणून.

फोनवरचा खोकला तर मी जन्मात विसरणार नाही. मी विषय काढायची, सई, या सुट्टीत मम्मीकडे यायचं ना? की इकडे खोकल्याची उबळ. मग पडद्यावर तुझा हात यायचा, तिची पाठ चोळणारा. फक्त हात. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची आणि महेश म्हणायचा, राहू दे तिला तिथंच, जीव मोठा की हट्ट मोठा? तुझ्यामुळे आमच्यात किती भांडणं झाली हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते. फार झाली.

परवा तुझ्या तांदळाच्या पिंपामागे मला एक बिस्किटांचा डबा सापडला. वर राणीचं चित्र असलेला, आईच्या वेळचा. उघडला तर आत पंप. मी आणलेले सगळे. एकाचंही सील फोडलेलं नव्हतं. मी डबा घेऊन मागच्या पडवीत गेले. सई पायरीवर बसून ओमला सुपारीच्या गळलेल्या झापाची, विरीची, गाडी करून देत होती.

"सई, पंप कधी घेतेस तू?"

"कसला पंप?"

"दम लागतो तेव्हाचा."

"मला न्हाय लागत दम."

"कधीपासून?"

तिनं आठवून बघितलं. प्रामाणिकपणे आठवून बघितलं, आणि मग खांदे उडवले. मी विचारलं, मग फोनवर खोकायचीस ती? तिनं मान खाली घातली. विरीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मावशी म्हनायची, खोक जरा."

ओम हसायला लागला. त्याला वाटलं खेळच आहे. तो लगेच खोकून दाखवायला लागला, आणि सईनं त्याला शिकवलंसुद्धा, असं नाय रे, छातीतनं काढायचा. मी उठून विहिरीकडे गेले. तिथं कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं तुला शिव्या दिल्या. आपल्या आईनं आपल्याला कधी दिल्या नाहीत अशा. शेजारच्या वाडीतला गडी माडावर होता हे मला नंतर कळलं. आता गावभर झालं असेल. होऊ दे.

संध्याकाळी रुक्साना भाभीला तो डबा नेऊन दाखवला. तिचा नवरा आयुष्यभर कुवेतला होता, मुलं तिनं एकटीनं वाढवली, म्हणून मला वाटलं ती तरी माझी बाजू घेईल. तिनं डबा बघितला आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाय, हे तर कायच न्हाय. तिनं तुला तिचा आजार तरी कुठं सांगितला?"

मग तिनं मला सगळं सांगितलं. तुझ्या किडन्या गेल्या वर्षीच बिघडल्या होत्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तू पहाटेच्या एसटीनं म्हसळ्यावरून माणगावला जायचीस, सुया टोचून घेऊन रक्त साफ करून घ्यायचीस आणि दुपारच्या गाडीनं परत. सईला शाळेतून भाभी आणायची. त्या दिवशी माझा फोन आला तर सईनं काय सांगायचं ते तू पढवून ठेवलं होतंस: मावशी वाडीत गेली. आणि मी इकडे चिडायची, की हिला माझ्याशी बोलायला वेळ नाही, वाडी जास्त झाली हिला. गेल्या वर्षभरात फोनवर तू तुझं तोंड दाखवलं नाहीस. मला वाटायचं, मनात चोर आहे म्हणून समोर येत नाही. तुझा चेहरा सुजत होता म्हणून येत नव्हतीस.

जिला आजार नव्हता तिला तू आजारी ठरवलंस आणि जो आजार होता तो लपवलास. भाभीला कुराणाची शपथ घालायला निघाली होतीस. ती म्हणाली, शपथ नको, तशीच गप्प बसते. मी भाभीवरही ओरडले. ती म्हणाली, "वरड. माझ्यावर वरड. मला सवय हाय." आणि तिनं मला जबरदस्तीनं जेवायला बसवलं.

हे मात्र मी माफ करणार नाही, ताई. पोरीचं एक वेळ करीन. तू म्हसळ्याच्या सासरहून परत आलीस ती मूल होत नाही म्हणून, आणि कुणी तोंडावर बोललं नाही तरी बारशाला तुला कुणी पुढे बोलवायचं नाही, हे मी बघितलेलं आहे. सईला मी तुझ्या ओटीवर उतरवली तेव्हा तुझं काय झालं असेल ते मला कळतं. कळतं म्हणून राग जात नाही, पण कळतं. पण तुझं मरण? आई गेली तेव्हा मी सईएवढी, नऊ-दहा वर्षांची होते. माझी वेणी तू घातलीस, माझी दहावीची फी तू भरलीस, माझं लग्न तू लावलंस. आणि मला तुझ्या उशाशी बसायचा हक्क नव्हता? सुया टोचताना मी तुझा हात धरला नसता? मला आल्यावर तुझं गार पडलेलं कपाळ मिळालं. विमान उशिरा आलं असतं तर तेही मिळालं नसतं. विलासदादा सारखा घड्याळाकडे बघत होता.

तुला भीती होती ती मला माहीत आहे. मी आले असते तर सईला घेऊन गेले असते. एवढ्यासाठी तू मला येऊ दिलं नाहीस. आपलं शेवटचं बोलणं आठवतं? मी म्हणाले होते, येत्या सुट्टीत मी येते आणि पोरीला नेते. तू मध्ये आलीस तर पोलीस घेऊन येईन. सख्ख्या बहिणीला मी हे म्हणाले. तू म्हणालीस, "बघू." आणि फोन ठेवलास. आपलं भांडण तसंच अर्धं टाकून गेलीस. मला किती बोलायचं होतं. आंघोळ करताना, बालवाडीत पोरांना डबा भरवताना मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडायची आणि प्रत्येक वेळी जिंकायची.

पोर मात्र तू चांगली वाढवलीस. खोटं कशाला बोलू? तिच्या हातात काही द्या, ती नीट ठेवते. वाऱ्यानं पडलेली सुपारी रोज शाळेतून आल्यावर गोळा करते. धडा वाचते तर शेजारची आजी दारात येऊन उभी राहते. पोहते. भाजी चिरताना बोटं आत घेते, अगदी तुझ्यासारखी. आणि तिनं तुला कधी आई म्हटलं नाही. मी भाभीला खोदून खोदून विचारलं. भाभी म्हणाली, लहानपणी म्हणायची, तर शालन तिच्या तोंडावर हात ठेवायची, आय मस्कतला हाय, मी मावशी. फोनवर मला ती मम्मी म्हणते, ते ओमचं ऐकून. तुझ्याशी बोलताना मात्र ती मला आय म्हणायची, हे मला या घरात येईपर्यंत माहीत नव्हतं. हे सगळं मी मान्य करते आणि तरी माझा राग जागचा हलत नाही.

म्हणून मी ठरवलं. दहाव्याला कावळा शिवला नाही तर सगळे माझ्याकडे बघणार, हे मला ठाऊक होतं. तुझा जीव कशात अडकला आहे ते लहान पोरसुद्धा सांगेल. मी म्हणायला हवं होतं की सईला इथंच ठेवते, इथल्याच शाळेत घालते, तुझ्या मनासारखं करते. मी ठरवलं, म्हणायचं नाही. अडकू दे. मी किती वर्षं अडकले होते? आता तू जरा अडकून बघ.

समुद्राकडच्या शेडमध्ये भटजींनी पिंड मांडले. पूर्वी बायका जात नसत, आता जातात. मी ओमला आणि सईला घेऊन गेले. विलासदादानं सगळं केलं. पानावर तुझ्या आवडीचं ठेवलं होतं, काकडीची कोशिंबीर, वडे, तांदळाची खीर. मग सगळे मागे सरून उभे राहिले. कावळे होते की. मासळी सुकवतात तिथं तर त्यांची जत्राच असते. त्यातले चार-पाच सुरूच्या फांदीवर येऊन बसले आणि आमच्याकडे बघत राहिले. एकही खाली येईना.

विलासदादा हात जोडून म्हणाला, "शालने, वाडी विकायचा न्हाय मी. सुपारीला पानी टायमावर देईन." कावळे बसलेलेच. "गाय पन माझ्याच गोठ्यात न्हेतो." नाही. कुसुम पुढे आली, तुझी नारायणपेठ नेसून, आणि म्हणाली, "शालनबाय, पाटाचं पानी तुझ्याच वाडीत पयलं सोडीन गो." एक कावळा उडाला. सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वळल्या. तो सरळ मासळीकडे गेला. कुणीतरी म्हणालं, तुझी किसणी माझ्याकडे राहिलीय, आजच देते आणून. एरवी मी हसले असते.

मग हळूहळू सगळी तोंडं माझ्याकडे वळली. भटजी म्हणाले, "पोरीचं काहीतरी बोला बाई." मी समुद्राकडे बघत राहिले. विलासदादा जवळ येऊन कुजबुजला, "सुमे, बोल की गो. पोरीला हिथंच ठेवतंय म्हन. नुसतं तोंडानं म्हन, मग तुला काय करायचं ते कर." मी ओठ मिटून घेतले. वाट बघ म्हटलं, ताई. ऊन चढत होतं, ओमला तहान लागली होती, म्हाताऱ्या माणसांना उभं राहवत नव्हतं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला दर्भ हातात घेतला. मला वाटलं, जिंकले. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात सई माझ्या बाजूनं निघाली. चालत पिंडाजवळ गेली, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी उभी राहिली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "मावशी, मी आयबरोबर मस्कतला जातंय. तू आता जा."

लगेच काही झालं नाही. मग फांदीवरचा एक मोठा कावळा खाली आला, दोन उड्या मारत पानापाशी गेला, मान वाकडी करून त्यानं सईकडे बघितलं आणि पिंडाला चोच लावली. मागे बायका हमसून रडायला लागल्या. विलासदादा मटकन खालीच बसला. मी तशीच उभी होते. माझ्या सगळ्या ठरवण्याचं काय झालं ते मला कळेना. मी तुझ्या नाकावर टिच्चून तिला नेणार होते. आता ती तुझी परवानगी घेऊन चालली होती.

परत येताना माणसं पुढे गेली. ओम विलासदादाच्या खांद्यावर होता. वाडीच्या दगडी गडग्यापाशी मी सईला थांबवलं.

"तसं म्हणायला तुला कुणी सांगितलं?"

"मावशीनं."

"कधी?"

"ती शेवटची माणगावला गेली ना, त्याच्या आधी. म्हणाली, कावळा नाय आला की सगळी तुझ्या आयच्या तोंडाकडं बघतील. ती काय बोलायची न्हाय. ती हट्टी हाय. मग तू बोल."

"आणि?"

"आनि मोठ्यानं बोल म्हणाली. भटजी बहिरा हाय."

मी गडग्यावर बसले. हसू येत होतं की रडू, मला सांगता येणार नाही. नाक मात्र वाहायला लागलं. तू सगळं बसवून गेली होतीस. कोण कुठं उभं राहील, मी तोंड कसं मिटेन, पोरगी केव्हा पुढे होईल. मेल्यावर इतक्या दिवसांनी उभं करायचं भांडण तू आधीच मिटवून ठेवलं होतंस आणि मला त्यात एक वाक्यसुद्धा दिलं नव्हतंस. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. तू समोर असतीस तर तुला गच्च धरून मारलं असतं.

मग मी सईला जे विचारायचं ते विचारलं. तिचा हात हातात घेतला. हातावर सुपारीच्या चिकाचे डाग होते. म्हटलं, "ते मावशीनं सांगितलं म्हणून म्हणालीस. तुला काय वाटतं? तुला यायचंय माझ्याबरोबर?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग वाडीकडे. मोकळ्या हातानं गडग्यावरचा एक खडा उचलला, परत ठेवला. शेवटी म्हणाली, "ह्याचं काय सांगायचं ते मावशीनं सांगितलं न्हाय."

मी पुन्हा विचारलं नाही. घरी आलो, जेवलो. तिचा व्हिसा यायला अजून वेळ आहे, महेशला मी सांगितलंय, माझी बालवाडीतली रजा वाढवून घे. उद्या मी तिला पुन्हा विचारीन. परवा विचारीन. ती रडेल, चिडेल, नको म्हणेल, खोटं खोटं खोकेलसुद्धा, मी विचारत राहीन. कुणी पढवलेलं नसेल असं तिचं स्वतःचं उत्तर येईपर्यंत. ते उत्तर काहीही असो, ताई, मी ते ऐकणार आहे. आणि तेव्हा आम्हा दोघींच्या मध्ये बोलायला तू नसशील.